अष्टमीचा चंद्र, तीन कागदांवर

आज फाल्गुन कृष्ण अष्टमी. सतराव्या शतकातल्या माणसांनी चंद्र ज्या साधनांनी काढला, त्याच साधनांनी तो काढून बघायचा असं पाऊस उघडल्यावर ठरवलं होतं. फोटो नाही, अनेक फोटो एकावर एक रचायचं स्टॅकिंग नाही. कार्तिकात सुरुवात केली. वहीत आता एकोणचाळीस चित्रं आहेत, त्यांतली सहा-सात दाखवण्याजोगी.

नोंदी मी तिथीने ठेवते. तारीख लिहिली की चंद्राचं वय वेगळं मोजत बसावं लागतं. एक तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर, आणि चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमारेषा, आपला टर्मिनेटर, एका तिथीत तेवढाच सरकतो. त्यामुळे सीमारेषेवर कोणतं विवर असेल ते तिथीवरूनच कळतं: शुद्ध षष्ठी म्हटलं की थिओफिलस आणि त्याचे शेजारी, अष्टमी म्हटलं की आल्बाटेग्नियस आणि टॉलेमेयस, दशमी म्हटलं की कोपर्निकस. लिब्रेशनमुळे, म्हणजे चंद्राच्या किंचित डोलण्यामुळे, थोडं मागेपुढे होतं, पण चित्र काढणाऱ्याला पंचांगाइतकं सोयीचं वेळापत्रक दुसरं नाही.

कार्तिक, मार्गशीर्ष: तपकिरी शाई

माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, आहे, पण पहिली चित्रं मुद्दाम तिच्यातून काढली नाहीत. चष्म्याच्या दुकानातून +१ नंबरचं भिंग आणलं. +१ म्हणजे बरोबर एक मीटर नाभीय अंतर. डोळ्याच्या बाजूला शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं ५० मिलिमीटर नाभीय अंतराचं अंतर्वक्र भिंग. पीव्हीसी पाइपात दोन्ही बसवली की २० पट वर्धन मिळतं. १६०९च्या शेवटी पाडोव्यात गॅलिलिओ चंद्राकडे वळला तेव्हा त्याच्या हातातली दुर्बीणही साधारण एवढ्याच ताकदीची होती. पुढच्या भिंगावर पुठ्ठ्याची चकती लावून तोंड २० मिलिमीटरवर आणलं. चकती काढली की चंद्राच्या कडेला जांभळट झालर येते आणि सगळं विरघळतं.

या दुर्बिणीतून पूर्ण चंद्र एका वेळी दिसत नाही. किल्लीच्या भोकातून खोलीत डोकावल्यासारखं होतं: डोळा जरा हलवला की नवा तुकडा, जुना गायब. हे हाताने अनुभवल्याशिवाय गॅलिलिओची चित्रं नीट वाचता येत नाहीत असं माझं आता ठाम मत झालंय.

त्याने ३० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर १६०९ या काळात चंद्र पाहिला, आणि तपकिरी शाईच्या वॉशमधली, म्हणजे पातळ शाईच्या थरांनी रंगवलेली, त्याची चंद्रचित्रं आज फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्याच्या चार महिने आधी, २६ जुलैला, इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने सहा पटीच्या दुर्बिणीतून चंद्र काढला होता. त्या चित्रात एक वेडीवाकडी सीमारेषा आहे, काही डाग आहेत, आणि एवढंच. विवरं नाहीत, डोंगर नाहीत. हॅरियट फार मोठा गणिती होता आणि त्याची नजर कमी नव्हती. १६१० मध्ये गॅलिलिओचं पुस्तक आल्यावर त्याच्याही चित्रांत विवरं उमटू लागली. फरक वर्धनाचा होताच. पण गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या चित्रकलेच्या हवेत वाढलेला होता. गोलावर, खड्ड्यावर, उंचवट्यावर सावली कशी पडते हे त्याला चित्रकाराच्या हाताने माहीत होतं. चिगोली नावाचा चित्रकार त्याचा जवळचा मित्र होता. याच चिगोलीने रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चच्या घुमटात मेरीच्या पायाखाली खडबडीत, विवरांचा चंद्र रंगवला, १६१२ मध्ये. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने गॅलिलिओला सदस्य करून घेतलं.

वॉशची गंमत ही, की उजेड रंगवायचा नसतो. कागद कोरा सोडायचा, तोच उजेड. अंधार थरावर थर देऊन आणायचा. मार्गशीर्षातल्या पुण्याच्या कोरड्या हवेत शाई इतकी झटपट वाळते की पहिल्या आठ चित्रांत प्रत्येक सावलीला कडक काठ आला. कागद आधी मागून ओला करून घेतला तेव्हा थर एकमेकांत मिसळू लागले.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीचं चित्र महत्त्वाचं. आल्बाटेग्नियस बरोबर टर्मिनेटरवर होतं. गॅलिलिओच्या 'सिडेरियस नुन्सियस'मध्ये, मार्च १६१०च्या त्या व्हेनिसच्या पुस्तकात, टर्मिनेटरवर एक प्रचंड गोल विवर छापलेलं आहे. बहुतेक अभ्यासक ते आल्बाटेग्नियसच मानतात, पण आकार पाहून आपण दचकतो. खरं विवर सुमारे १३० किलोमीटरचं, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या सव्वीसाव्या भागाइतकं. माझा चंद्र ८ सेंटिमीटरचा होता, त्यात ते ३ मिलिमीटरचं यायला हवं होतं. सकाळी पट्टी लावली तर ६ भरलं. दुप्पट, आणि काढताना मला ते अगदी बरोबर वाटत होतं. त्या अरुंद भोकातून तासभर एकाच खड्ड्याकडे पाहत राहिलं की तो मनात मोठा होत जातो.

गॅलिलिओच्या छापील चित्रात मात्र ते याहूनही मोठं आहे, आणि तिथे मला हेतू दिसतो. मजकुरात तो या विवराची तुलना चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या बोहेमियाशी करतो. सूर्याकडची भिंत काळी, समोरची उजळ, हे वाचकाला कळावं म्हणून खड्डा मोठा केला. तो नकाशा नाहीच, तो एका युक्तिवादाची आकृती आहे. आपल्या आकाश पाहणाऱ्या मंडळींत कोणी गॅलिलिओला चंद्र नीट काढता येत नव्हता म्हणालं की मला वाईट वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वॉशचे पहिले धडे मी ज्या चित्रांवरून गिरवले ती इंटरनेटवर सापडलेली, याच पुस्तकाच्या एका प्रतीतली होती. तिच्यात छापील आकृत्यांच्या जागी हाताने रंगवलेले चंद्र आहेत. २००५ मध्ये ती प्रत समोर आली, मोठमोठ्या तज्ज्ञांनी ती खरी मानली, आणि २०१२ मध्ये ती अख्खी प्रतच आधुनिक बनावट असल्याचं सिद्ध झालं. मला हे पौषात कळलं. त्यावरून केलेली चार चित्रं वहीत वेगळी बांधून ठेवली आणि फ्लॉरेन्सच्या पानाच्या स्कॅनवरून पुन्हा सुरुवात केली.

कोर आडवी का

तुलना करताना कागद फिरवावा लागतो, हे नव्याने काढणाऱ्यांसाठी. पाडोवा ४५ अंश उत्तरेला, पुणे साडेअठरावर. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी क्रांतिवृत्त क्षितिजाशी जवळजवळ काटकोन करतं, म्हणून बीजेची कोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते. तिकडे तीच कोर एका बाजूला कललेली असते. शिवाय फाल्गुनातला शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला आपल्या जवळपास डोक्यावर असतो, आणि डोक्यावरच्या वस्तूवर डॉब्सोनियन रोखून धरणं हे कष्टाचं काम आहे. मी आता सीमारेषेची दोन टोकं आधी ठिपक्यांनी मांडते आणि चित्राची उत्तर त्यावरून ठरवते, आकाशातल्या वर-खालीवरून नाही.

पौष: सुई

छापील चंद्र कसा बनतो हे कळल्याशिवाय पुढे जाववेना. तांब्याचा पत्रा परवडला नाही, म्हणून दोन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिक शीटवर सुईने ड्रायपॉइंट केलं, म्हणजे छापण्यासाठी रेघा थेट खरवडल्या. समोर आदर्श होता फ्रेंच खोदचित्रकार क्लोद मेलां. पेरेस्क आणि गासेंदी या फ्रेंच विद्वानांसाठी त्याने १६३६च्या आसपास तीन चंद्र कोरले: पहिला चतुर्थांश, पौर्णिमा आणि शेवटचा चतुर्थांश. हेतू अगदी व्यवहारी होता. ग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावरच्या अमुक डागाला कधी शिवली याची वेळ निरनिराळ्या गावांत नोंदवली, की त्या गावांचं रेखांशातलं अंतर निघतं. १६३५च्या ऑगस्टमधल्या ग्रहणाची अशी निरीक्षणं पेरेस्कने जुळवून आणली, आणि भूमध्य समुद्र तेव्हाच्या नकाशांपेक्षा बराच आखूड निघाला. पण त्यासाठी सगळ्यांकडे चंद्राचं एकच विश्वासू चित्र हवं. १६३७ मध्ये पेरेस्क वारला आणि काम तिथेच थांबलं.

मेलां रेघांवर आडव्या रेघा मारून अंधार आणत नाही. एकच समांतर रेघ, ती जागोजागी जाड होते, बारीक होते, आणि त्यातूनच सगळी छटा. त्याच्या पौर्णिमेच्या चंद्रासमोर मी किती वेळ बसले असेन! कोजागरीला गच्चीवर दूध आटवताना सगळे दुर्बिणीला डोळा लावतात आणि 'सपाटच दिसतो की' म्हणतात. खरंच आहे ते, सूर्य समोरून असतो, सावल्याच नसतात. त्या सपाट चंद्रातून मेलांने टायको विवरातून फुटणारे उजळ किरण आणि समुद्रांच्या, म्हणजे काळसर मैदानांच्या, छटा नुसत्या रेघेच्या जाडीवर उभ्या केल्या.

माझं पहिलं छापील चित्र उलटं आलं. क्रायसियमचा समुद्र उजवीकडून डावीकडे गेला. पाटीवरचं चित्र छापताना आरशासारखं फिरतं हे ठाऊक असूनही सहा संध्याकाळींचं काम गेलं. आता मूळ चित्र पारदर्शक शीटखाली पालथं ठेवून गिरवते. इथेच आणखी एक सावधगिरी: डॉब्सोनियनमध्ये चंद्र १८० अंश फिरलेला दिसतो, आरशातला नव्हे. डायगोनल, म्हणजे प्रतिमा काटकोनात वळवणारा आरसा, लावलेल्या रिफ्रॅक्टरमध्ये (भिंगाच्या दुर्बिणीत) मात्र तो आरशातलाच असतो. चित्राखाली कोणती दुर्बीण ते लिहा, नाहीतर महिन्याभराने स्वतःलाच कळत नाही.

हेवेलियसपर्यंत मी पोचलेले नाही. डान्झिगचा (आजचं ग्दान्स्क) हा बिअर बनवणारा माणूस घरांच्या छपरांवर वेधशाळा उभारतो, चंद्र स्वतः पाहतो, स्वतः काढतो, ताम्रपटही स्वतः कोरतो, आणि १६४७ मध्ये चाळीसेक कलांचा ग्रंथ काढतो. चंद्रावरच्या आल्प्स आणि अपेनाइन्स या नावांचं मूळ त्याच्याकडेच जातं. इतकं मोठं काम एका हिवाळ्यात गिरवण्यासारखं नाही.

माघ, फाल्गुन: निळा कागद

आणि आता ज्या चित्रांनी माझी पद्धतच बदलली ती. मारिया क्लारा आयमार्ट, न्यूरेंबर्ग. वडील चित्रकार आणि खोदचित्रकार, शहराच्या तटावर त्यांची स्वतःची वेधशाळा. १६९३ ते १६९८ या काळात, वयाच्या सतराव्या वर्षापासून, तिने चंद्राच्या कलांची साडेतीनशेच्या वर चित्रं काढली. गडद निळा कागद, त्यावर पेस्टलचे खडू. त्यांतली काही आज बोलोन्याच्या वेधशाळा-संग्रहालयात आहेत. १७०७ मध्ये ती बाळंतपणात गेली, वय एकतीस.

निळ्या कागदावर वॉशच्या बरोबर उलट होतं. अंधार आधीच तिथे आहे, फक्त उजेड ठेवत जायचा. आणि चंद्राचं तसंच असतं ना! टर्मिनेटर चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे १५ किलोमीटर सरकतो. वॉशला मला पावणेदोन तास लागायचे, तेवढ्यात विवरातली सावली बदलून जायची. पेस्टलने तेच चित्र पस्तीस मिनिटांत होतं. सीमारेषेपलीकडच्या अंधारात एकटं पेटलेलं शिखर दाखवायला खडूचा एक ठिपका पुरतो. अशाच ठिपक्यांच्या अंतरावरून गॅलिलिओने चंद्रावरचे डोंगर चार मैलांहून उंच असल्याचं काढलं होतं. वॉशमध्ये तो ठिपका कोरा राखताना हात कापायचा.

अडचण उजेडाची आली. सवयीने लाल टॉर्च लावला होता. लाल उजेडात पांढरा आणि फिकट पिवळा खडू सारखेच दिसतात आणि निळा कागद काळा होतो. सकाळी पाहिलं तर अर्धा चंद्र हळदीचा झालेला. चंद्र काढताना डोळे अंधाराला सरावलेले ठेवायची गरजच नसते, म्हणून आता मंद साधा दिवाच लावते.

माघ संकष्टीला गच्चीवर चंद्रोदयाची वाट पाहणारे तिघे-चौघे होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधी चंद्राला अर्घ्य दिलं, मग दुर्बिणीशी आल्या. क्रायसियम अर्धवट अंधारात शिरलेला होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे तर संध्याकाळ होतेय." त्या रात्रीच्या चित्राखाली मी तेच वाक्य लिहिलंय.

आज पहाटे

गॅलिलिओच्या पुस्तकात ते मोठं विवर दोनदा येतं, एकदा शुद्ध पक्षातल्या उजेडात, एकदा कृष्ण पक्षातल्या. ती जोडी करायची राहिली होती. शुद्ध अष्टमीचं निळ्या कागदावरचं चित्र तयार होतं. आज चार वाजता उठून डॉब्सोनियन दक्षिणेकडे वळवली. हवा स्थिर होती. आल्बाटेग्नियसची पूर्वेची भिंत, जी त्या संध्याकाळी आतून काळी होती, ती आज उजळलेली, आणि पश्चिमेची सावलीत. दोन्ही कागद आत्ता टेबलावर शेजारी ठेवलेत. नैऋत्येच्या काठावर क्लाइन हे लहान विवर आजच्या चित्रात स्वच्छ आलंय. संध्याकाळच्या चित्रात त्याच जागी मी कागद नुसता निळा सोडला होता.