मोरांदींच्या खोलीत

आज इटलीतल्या बोलोन्या शहरात, व्हिया फोंदात्सा या रस्त्यावर, चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांचे घर पाहिले आणि मन अजूनही तिथल्या लहानशा खोलीतच रेंगाळते आहे. तीन बहिणींसह राहणाऱ्या या अविवाहित माणसाने प्रामुख्याने बाटल्या, डबे आणि फुलदाण्याच रंगवल्या. काचेची चमक नको म्हणून काही बाटल्यांना त्यांनी आतून रंगही दिला होता. वस्तूंच्या जागा ते कागदावर पेन्सिलीने आखून ठेवत, आणि एखादा डबा बोटभर सरकला तरी सगळे चित्र कसे बदलते, हे त्या रेघांमुळे मला प्रथमच उमगले. १९३० ते १९५६ या काळात ते इथल्या कला अकादमीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापचित्र काढण्याची कला) शिकवत. बाटल्यांवरची धूळ ते तशीच राहू देत. तोच मऊ, राखट रंग त्यांच्या चित्रांत उतरला असावा, असे मला मनापासून वाटते.