तुम्ही विचारलंत म्हणून: कारंज्यापाशी मी का येत नाही

ऑस्ट्रियात, साल्झबुर्गला आमच्याकडे आलेलं माणूस पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न विचारतंच. आत्याने विचारला, नवऱ्याच्या चुलतभावाने विचारला, गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या शाळेतल्या दोघी मैत्रिणींनी जेवताना विचारला. ‘तुला म्हणे “द साउंड ऑफ म्युझिक” आवडत नाही. इतकी वर्षं इथे राहतेस आणि आम्हाला सिनेमातल्या जागा दाखवणाऱ्या बसची तिकिटं काढून देऊन स्वतः घरी थांबतेस. असं का?’

हे ‘म्हणे’ आईकडून आलेलं आहे. ती तसं सगळ्यांना सांगते, आणि तसं सांगायचा तिला हक्क आहे. पण ते खरं नाही. आता एकदा नीट सांगते.

तो सिनेमा मला आवडतो. गोष्ट इथलीच: मठातून आलेली मारिया कॅप्टन फोन ट्रापच्या मुलांना गाणं शिकवते, त्याच्याशी लग्न करते, आणि नाझी ऑस्ट्रियात आल्यावर सगळं कुटुंब डोंगर चढून पळतं. आईने तो सोळाव्या वर्षी पाहिला, पुण्यात मावशीकडे राहायला गेली होती तेव्हा. पुढे सांगलीत संगीत शिकवायला लागल्यावर तिने त्यातलं ‘डो-रे-मी’ हे गाणं पेटीवर बसवलं आणि वर्गाकडून म्हणून घेतलं. इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवलेली तिची वही अजून आहे. मी पुढे जर्मन शिकले, इकडे आले, त्याच्या मुळाशी ती वही नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही.

सुरुवातीची सात-आठ वर्षं प्रत्येक पाहुण्याला मीच फिरवायचे. मिराबेल बागेतल्या पायऱ्या, लग्नाच्या प्रसंगातलं मोंडसेचं चर्च, लिओपोल्ड्सक्रोनचं तळं आणि शेवटी रेसिडेन्सप्लाट्झ. या चौकात एक मोठं कारंजं आहे, दगडी घोड्यांच्या तोंडातून पाणी उडतं. मठातून निघालेली मारिया गात गात तिथे येते आणि हाताने ते पाणी उडवते. मी सगळ्यांना तेच करायला लावायचे आणि नेमका पाणी उडतानाचा फोटो काढायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. त्यांची औषधं मी आणून द्यायचे. त्यांच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने सिनेमातलं ‘एडेलवाइस’ म्हटलं, इथल्या डोंगरातल्या एका फुलावरचं गाणं. मला वाटायचं, हे इथलं लोकगीत. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. ते न्यूयॉर्कच्या नाटकासाठी १९५९ मध्ये लिहिलं गेलं, हे मला नंतर कळलं. मग मी त्यांना सिनेमाची गोष्ट सांगितली, आमचे फोटो दाखवले. कारंज्याचा फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला. म्हणाले, ३० एप्रिल १९३८ च्या संध्याकाळी याच चौकात नाझींनी पुस्तकं जाळली. ते सहा वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होते. त्यांना आठवत होतं ते इतकंच, की त्या दिवशी उशिरापर्यंत जागं राहायला मिळालं आणि फार मजा आली. ‘फार मजा आली’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांना खोकला आला आणि बोलणं तिथेच थांबलं.

त्यानंतर मी वाचत सुटले. मार्चमध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा गावोगावी लोकांनी फुलं देऊन जल्लोषात स्वागत केलं होतं. १० एप्रिलच्या मतदानात जर्मनीत विलीन व्हायला ९९.७ टक्के मतं पडल्याचं जाहीर झालं. त्यात धाक होता, ज्यूंना मतच नव्हतं, हे सगळं खरं. पण फुलंही खरी होती. सिनेमात मात्र वाईट माणसं थोडकी. एक बटलर, एक तार आणणारा पोरगा, एक उर्मट अधिकारी. बाकी अख्खं सभागृह कॅप्टनबरोबर भरल्या गळ्याने गातं. आजोबांचे वडील त्या गर्दीत कुठे बसले असतील, हे मी दर वेळी शोधायला लागले.

आणि मग आई आली, २०१६ च्या जूनमध्ये.

तिचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. तरी मिराबेलच्या पायऱ्या ती कठड्याला धरून चढली, प्रत्येक पायरीला एकेक स्वर म्हणत. वरच्या सां-ला पोचल्यावर तिथल्या जपानी बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी आम्ही चौकात आलो. तिने पर्स माझ्याकडे दिली, स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली आणि पाण्याकडे हात नेला.

मी म्हटलं, ‘आई, थांब. आधी हे ऐक.’

आणि मी सांगायला लागले. पुस्तकांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे हेही सांगितलं, की ज्या स्वतंत्र ऑस्ट्रियाचा झेंडा कॅप्टन जपतो तिथली संसद १९३३ मध्येच बंद पाडली होती, आणि १९३४ मध्ये सरकारने व्हिएन्नात कामगारांच्या इमारतींवर तोफा डागल्या होत्या. फोन ट्राप कुटुंब डोंगर चढून पळालं नाही, आगगाडीने इटलीला गेलं. साल्झबुर्गजवळचा तो डोंगर ओलांडला तर माणूस जर्मनीत उतरतं, बेर्श्टेसगाडेनच्या बाजूला, जिथे हिटलरचं घर होतं. मी छान सांगतेय असं मला वाटत होतं. आई तशीच उभी होती, एक बाही वर केलेली.

मग तिने बाही खाली केली. माझ्या हातातून पर्स घेतली आणि म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंस.’

मी आग्रह करून फोटो काढला. त्यात ती कारंज्यापासून चांगली हातभर लांब उभी आहे, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. परत जायच्या आदल्या रात्री तिची बॅग भरताना तळाशी ती वही सापडली. तिने ती सांगलीहून आणली होती आणि तीन आठवड्यांत एकदाही बाहेर काढली नव्हती.

तुम्ही म्हणाल, काय गरज होती? मीही तेव्हाच्या मला हेच विचारते. ती तेव्हाची मी म्हणते, मग सांगायचं कधी? जिथे पुस्तकं जळली तिथे आपल्या माणसांनी हसत पाणी उडवायचं आणि आपण फोटो काढत राहायचं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मीही तिला एक विचारते. आत्याला का नाही सांगितलंस? तिचा तर पाणी उडवतानाचा फोटो तूच काढलास, आजोबांनी सांगितल्यानंतर. तर खरं असं, की आत्याला सांगायची माझी हिंमत नव्हती. आई ऐकून घेईल हे मला माहीत होतं.

सिनेमा खोटा आहे असंही मी आता म्हणत नाही. खऱ्या कॅप्टनने जर्मन नौदलातली जागा नाकारलीच होती. थोरला मुलगा डॉक्टर. ज्यू डॉक्टरांना काढून रिकाम्या केलेल्या जागेवर त्याला व्हिएन्नात बोलावलं, तो गेला नाही. हिटलरच्या वाढदिवसाला गायचं आमंत्रण त्या कुटुंबाने नाकारलं. हे सिनेमात असायला हवं होतं असं मला आजही वाटतं. लिओपोल्ड्सक्रोनच्या तळ्याकाठचा राजवाडा माक्स राइनहार्टचा होता, हेही. इथला संगीत-नाट्य महोत्सव उभा करणाऱ्यांपैकी तो एक. ज्यू होता. १९३८ मध्ये त्याची वास्तू जप्त झाली, १९४३ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याच तळ्यात मुलं होडीतून पडतात आणि आपण हसतो.

पण ‘एडेलवाइस’बद्दल माझं चुकलंच. लोकगीत नाही हे कळल्यावर मी ते मनात खोटं ठरवून टाकलं होतं. ऑस्कर हॅमरस्टाइनने ते कॅन्सरने आजारी असताना लिहिलं. त्याचं ते शेवटचं गीत, पुढच्याच वर्षी तो गेला. मरणाच्या दारातल्या माणसाने एका फुलाला ‘माझ्या देशाला जप’ म्हणून सांगावं, त्यात खोटं काय आहे?

गेल्या महिन्यात फोनवर आईने मधेच विचारलं, ‘त्या चौकात जाळली ती पुस्तकं कुणाची होती गं?’

मी म्हटलं, ‘बऱ्याच जणांची. स्टीफन झ्वाइग म्हणून एक लेखक होता, त्याचीही. तो इथेच राहायचा, नदीपलीकडच्या टेकडीवर. १९३४ मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा तो देश सोडून गेला.’

‘मग?’

‘ब्राझीलला पोचला. तिथे १९४२ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने आत्महत्या केली.’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते घर बघता येतं?’

‘बाहेरून.’

‘चढ आहे?’

‘खूप आहे, आई.’

‘बघते मग गुडघ्यांचं,’ ती म्हणाली. कारंज्याचं तिने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.