निबंधाऐवजी स्लाइड्स

यंदा अकरावीला निबंधाऐवजी पीपीटी दिली होती. विषय खाजन शेती, म्हणजे गोव्यात खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेल्या जमिनीतली शेती. आज सादरीकरणं झाली, गुण देत बसलेय.

पहिली स्लाइड बहुतेकांची सारखीच: सूर्यास्त, माड आणि गिरक्या घेत येणारी अक्षरं. पुढे नेटवरून उचललेले परिच्छेदच्या परिच्छेद, आणि मुलं आमच्याकडे पाठ करून ते वाचणार. यापेक्षा निबंध परवडला, असं दुपारपर्यंत वाटत होतं.

मग चोडणचा एक मुलगा उठला. मोजक्याच स्लाइड्स, त्याही स्वतः मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या. भरतीच्या जोराने मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं आपोआप कशी मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी कसं बाहेर पडतं, कोरगुट भात खारेपणा कसा सोसतो, सगळं हातवारे करत सांगितलं. पडद्याकडे बघितलंही नाही. "बांध फुटला तर रे?" मी विचारलं. "टीचर, मग पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत भात विसरायचं."

शुद्धलेखन मात्र भयंकर (फोटोखालच्या ओळी वाचवत नाहीत).

आता पंचाईत अशी की गुणतक्त्यात स्लाइडच्या सजावटीला दहा गुण आणि विषय समजण्याला पाच. तक्ता मी केलेला नाही. उद्या स्टाफरूममध्ये यावरून भांडण काढणार आहे.