ठमी तळ्यात जाणार नाही

घरी येणारा पाहुणा बाल्कनीतला आमच्या ठमी कासवाचा टब बघतो आणि म्हणतोच, "केवढी मोठी झालीय! आता पाषाणच्या तलावात सोडून द्या की. पुण्य लागेल." मोठी माणसं असतात, वाद घालवत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ठमी सापडली वारज्याच्या आमच्या सोसायटीत, ऐन पावसाळ्यात, पार्किंगमधल्या गटाराच्या जाळीवर. वॉचमनकाकांनी सुपलीत घालून वर आणली. जेमतेम दीड इंचाचं पिल्लू. काकांना वाटलं, कॅनॉलमधून वाहत आलं असेल. आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव असतं तर प्रश्नच नव्हता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते घरात ठेवताच येत नाही, थेट वनखात्याला १९२६ वर फोन. पण हिच्या डोळ्यांमागे लाल पट्टे होते. म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. मत्स्यालयाच्या दुकानांत बोटभर पाण्यात विकायला ठेवतात, तीच. कुणीतरी हौसेनं नाहीतर वास्तूसाठी आणली असणार आणि नकोशी झाल्यावर टाकली असणार.

डोळे सुजून मिटले होते. डॉक्टरांनी पाठीची कड अंगठ्यानं हलकेच दाबून दाखवली, ती चक्क वाकत होती. अ जीवनसत्त्व नाही, कॅल्शियम नाही, ऊन नाही. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या पिल्लांचे असेच हाल होतात. मग यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा दिवा आला, चढून बसायला विटांचा कोरडा ओटा झाला. सकाळचं कोवळं ऊनही द्यायचं, पण खिडकी उघडून. काचेतून यूव्हीबी आत येत नाही. कॅल्शियमसाठी आईनं मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणला. तिच्या आजीच्या बटव्यातली वस्तू, ती कासवाला लागू पडली! हळूहळू पाठ टणक झाली.

तिचं खाणं बघत बसावं असं असतं. ओट्यावर घास दिला तर तोंडात धरून पाण्यात उडी मारते, कारण पाण्याबाहेर तिला गिळताच येत नाही. लेट्यूसचं पान जबड्यात पकडायचं, पुढचे पंजे आलटूनपालटून त्यावर ओढायचे, तुकडा सुटला की मान आत घेऊन गट्ट. लहानपणी गांडुळं आणि मासळी लागायची, आता पाल्यावर भर. पालक मात्र नाही, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

या जातीत नराची पुढची नखं लांबलचक होतात. ठमीची आखूडच राहिली आणि पाठ वाढत राहिली. मादी फूटभरापर्यंत जाऊ शकते. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि जागा मिळाली नाही तर ती पोटात अडकून जिवावर बेततं. म्हणून बाल्कनीत वाळूचं घमेलं आहे. एका रात्री ती त्यात चढली. आधी पाणी सोडून वाळू भिजवली, मग मागचा एक पाय, मग दुसरा, असं मागे वळूनही न बघता खणत राहिली. आई आणि मी दिवा मालवून दाराआड जमिनीवर बसून होतो. अंडी फोल असतात हे ठाऊक होतं, तरी आईनं सकाळी तिच्यासाठी खास मासळी आणली.

एवढा जीव लावलेली ठमी मी तळ्यात सोडणार नाही, ती आणखी एका कारणानं. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या जातींच्या यादीत ही जात आहे. आपल्या कासवांची उन्हात बसायची जागा, खाणं, सगळं ती बळकावते, रोगही नेते. वर ३० वर्षं जगते. तुमचं पुण्य पाषाणच्या कासवांना फार महागात पडेल.

मुलांसाठी म्हणून ही पिल्लं घेऊच नका. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या भीतीनं खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांखालची कासवं पाळायला विकायला बंदी आहे. आम्हीही टबात हात घातला की साबणानं धुतोच.

आणि घरात आधीच असेल, झेपत नसेल, तर तलावाकडे जाण्याआधी मला लिहा. मिळून घर शोधू. ठमीचा जुना टँक आणि फिल्टर पडून आहे, तो घेऊन जा. दिवा तेवढा नवा घ्या. उजेड तसाच दिसला तरी त्यातलं यूव्हीबी वर्षभरात उतरतं.