तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करायची, पण टॉपिक कोणता?

एमलिब (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) झालेले, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारे बरेच जण विचारतात, ‘माहितीसाधनांच्या व्यवस्थापनात पीएचडी करायची म्हणतोय. चांगला टॉपिक सुचवाल का?’

टॉपिक सुचवण्याआधी तुम्हालाच विचारायला हवं : तुमच्या हाताशी अशी कोणती माहिती आहे, जी दुसऱ्या कुणाला सहज मिळणार नाही? शीर्षक आधी ठरवून मग माहिती शोधायला निघालं की गाडी ठरलेल्या ठिकाणी अडकते. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, आपल्या विषयाचे प्रबंध चाळून पाहा. ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयांत ई-साधनांचा वापर’ हा साचा जिल्ह्याचं नाव बदलून पुन्हा पुन्हा भेटेल. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, शिफारशी लिहायच्या. विद्यार्थी ‘वापरतो’ असं लिहून देतात. खरोखर काय वापरलं ते मात्र प्रकाशकाच्या वापर-अहवालात असतं आणि तो कुणी मागवलेलाच नसतो.

त्यातही नमुन्याचा आकडा, म्हणजे किती जणांना विचारायचं तो, डोळे झाकून 384 धरला जातो. समूह खूप मोठा असेल आणि 95 टक्के विश्वासपातळीला 5 टक्के त्रुटी चालणार असेल, तेव्हाचा हा आकडा. 1200 विद्यार्थ्यांच्या कॉलेजात 291 पुरतात. जिल्ह्यात ग्रंथपालच 60 असतील तर नमुना कशाला, सगळ्यांनाच विचारा. आणि कुठलाही आकडा घेतला तरी निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, हवी. वाचनकक्षात बसलेल्यांकडूनच फॉर्म भरून घेतले, तर जे ग्रंथालयात येतच नाहीत त्यांच्याबद्दल काहीही कळत नाही.

याउलट, तुमच्या टेबलावर पडून असलेला एक विषय पाहा : मराठी पुस्तकांची संगणकीय तालिका, म्हणजे कॅटलॉग. ‘ॲरिस्टॉटल’ शोधून बघा. पहिलं अक्षर टंकणाऱ्यानं चार प्रकारे दिलेलं असू शकतं : ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर, ‘अ’ला जोडलेला चंद्र, मध्ये अदृश्य जोडचिन्ह टाकून तेच, किंवा ‘ऍ’. पहिले तीन पडद्यावर बहुधा सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे. वाचक एका प्रकारे टंकतो, नोंद दुसऱ्या प्रकारे असते आणि कपाटात असलेलं पुस्तक ‘उपलब्ध नाही’ ठरू शकतं. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत. तिचं सारखी रूपं एक करणारं नेहमीचं प्रमाणीकरण लावूनही हे प्रकार एक होत नाहीत, त्यासाठी कोणती रूपं एकच धरायची याचा तक्ता स्वतः करावा लागतो. तो करताना सगळी अदृश्य चिन्हं सरसकट पुसायचा मोह होतो. तसं केलं की जुन्या पद्धतीनं, म्हणजे ‘र’ला जोडचिन्ह देऊन टंकलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो! डोंगरातली नोंद समुद्रात गेली.

यावर प्रबंध नक्की उभा राहतो. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून मार्क (पुस्तकांच्या नोंदींचा प्रमाण साचा) नोंदी काढा, लेखकाचं 100 आणि शीर्षकाचं 245 ही क्षेत्रं वेगळी करा, ओपनरिफाइन या माहिती साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सारख्या नोंदींचे गट पाडा. किती नोंदी कोणत्या रूपात आहेत ते मोजा. मग यादृच्छिक निवडलेली, कपाटात असल्याची खात्री केलेली शीर्षकं प्रत्येक रूपात शोधून किती सापडली ते टिपा. तक्ता लावल्यावर तीच शीर्षकं पुन्हा शोधा. वाचकांचे शून्य निकाल आलेले शोध मिळाले तर फारच उत्तम, पण ते घेताना सभासद क्रमांक आधीच काढून टाका आणि ग्रंथालयाची लेखी परवानगी सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) आधी हातात ठेवा. तोंडी ‘हो’ म्हणणारे प्राचार्य बदलले की दुसऱ्या वर्षी काम ठप्प होतं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या नोंदी असतील तर रूपांतरासाठी वेगळा वेळ धरा. जोडाक्षरं हमखास बिघडतात.

आता नियमांचं, थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं. कोर्सवर्क 12 ते 16 क्रेडिटचं, त्यात 55 टक्के लागतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येतं, पण अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल असं लिहिलेलं संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. या बैठका मनावर घ्या, कारण चुकीची पद्धत तिथेच पकडली गेली तर वर्ष वाचतं.

गाईड शोधताना नावाआधी जागा विचारा. एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. ‘मला पीएचडी करायचीय’ एवढाच निरोप पाठवू नका. दोन पानी टिपण पाठवा : प्रश्न काय, माहिती कुठून येणार, परवानगी आहे का, मोजणार काय.

वाङ्मयचौर्याबद्दलही सारखी भीती ऐकू येते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 10 ते 40 टक्के आढळलं तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. साम्य बहुतेक वेळा पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात वाढतं, कारण तिथे एकामागून एक सारांश उतरवलेले असतात. ते प्रकरण अभ्यासकांच्या नावांनुसार लावू नका, प्रश्नांनुसार लावा : नोंदींच्या अचूकतेबद्दल काय माहीत आहे, भारतीय लिप्यांच्या शोधाबद्दल काय, आणि कुठे कुणीच मोजलेलं नाही. पहिल्या वाचनापासून प्रत्येक लेख झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, सोबत त्यातून नेमकं काय घेणार ते दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. चौथ्या वर्षी लिहायला बसाल तेव्हा मूळ लेख पुन्हा उघडून त्यातली वाक्यं उचलायची वेळ येणार नाही.