काकांची घंटी माझ्या नावावर झाली त्याची गोष्ट

बडोद्यात आम्ही पिठाच्या गिरणीला घंटीच म्हणतो. दांडिया बाजारातल्या ज्या घंटीवर आजीच्या वेळेपासून आमचं दळण जातं, तिथले काका होळीच्या सुमारास म्हणाले, "दिवाळी झाली की शटर पाडणार." गुडघे गेलेले, मुलगा पुण्यात. मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात 19 वर्षं हिशेब लिहीत होते. डबा घेऊन घरी पोचेपर्यंत माझ्या मनात पक्कं झालं होतं की ही घंटी आपण घ्यायची.

नवी मशीन आणून स्वतःची का नाही काढलीस, असं अजूनही विचारतात. मशीन मिळते हो. पण "बेसनावर आमचा गहू टाकू नका" हे सांगावं न लागणारं गिऱ्हाईक, उपासाच्या पिठाची वेगळी छोटी घंटी आहे हे ज्याला ठाऊक आहे असं गिऱ्हाईक, ते कुठून आणणार?

काकांनी 8 लाख मागितले. रोज 400 किलो दळण होतं म्हणाले. हिशेबाची वही होती, पण तीत निम्म्या नोंदी नव्हत्या. मग मी त्यांच्याकडून वर्षभराची विजेची बिलं मागून घेतली. मोटर 10 हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात किलोवॅटच्या आसपास. पूर्ण भाराने तासभर चालली तर साधारण साडेसात युनिट. नेहमीच्या महिन्याला बिलात 900 युनिट, म्हणजे 120 तास. मी रजा टाकून आठ दिवस स्टुलावर बसले, डबे मोजले. तासाला 60 किलो निघत होतं. 26 दिवसांचा हिशेब मांडला तर रोजचं 275 किलोच्या आसपास आलं. काका खोटं बोलत नव्हते. दिवाळीआधीचे भाजणीचे आणि उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्याचे दिवस त्यांच्या डोक्यात होते. कागद समोर ठेवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि व्यवहार साडेसहा लाखांवर ठरला. धंदा घ्यायचा असेल तर आधी विजेची बिलं बघा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

त्या आठ दिवसांतच खरी गोष्ट कळली. घंटी चालवणारे कारागीर भाई दाहोदकडचे, 22 वर्षं तिथे. एक दिवस ते लग्नाला गेले आणि काकांनी स्वतः दळलं. पीठ गरम निघालं, दुपारी दोन बायका परत आल्या, भाकरी तुटतेय म्हणून. दुसऱ्या दिवशी भाईंनी वरचा दगड उचलला, हातोडी घेऊन टाकी लावली, म्हणजे त्याचे खाचे पुन्हा कोरले, परत बसवला, पीठ अंगठा नि बोटात चोळून बघितलं, दोनदा चाक फिरवून दगडांमधलं अंतर जुळवलं. माझ्या साडेसहा लाखांच्या कागदावर या माणसाचं नावही नव्हतं.

मी विचारलं, मी घंटी घेतली तर राहाल ना? ते म्हणाले, "पेलां काकानो हिसाब थवा दो, बेन." म्हणजे आधी काकांचा हिशेब होऊ द्या. बरोबरच होतं. भाईंचं मागच्या वर्षांचं देणं काकांनी माझ्या पहिल्या हप्त्यातून चुकतं करायचं आणि पुढचा पगार माझ्याकडून, असं करारात लिहिलं.

पैशांचं म्हणाल तर काही साठवलेले आणि बाकी मुद्रा कर्ज. किशोर गटात 50 हजारांच्या वर 5 लाखांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. पण बँकेने फक्त यंत्रांची किंमत धरली, गुडविलचे, म्हणजे बांधलेल्या गिऱ्हाइकाचे, पैसे धरले नाहीत. म्हणून 4 लाख आधी आणि उरलेले अडीच लाख दहा हप्त्यांत, असं काकांशी ठरलं. अट एवढीच की तीन महिने त्यांनी रोज सकाळी गल्ल्याशेजारी बसायचं.

काकांचा कुठलाच परवाना माझ्या नावावर येणार नव्हता. पाकिटातलं बेसन आणि भाजणी विकायची म्हणून त्यांचा जीएसटी नंबर होता (लेबल लावलेल्या पाकीटबंद पिठावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के कर आहे), तो त्यांच्या पॅनशी बांधलेला. मी नवा घेतला. सीएंनी दोन गोष्टी समजावल्या. चालता धंदा आहे तसा पूर्ण घेतला तर त्या व्यवहारावर जीएसटी लागत नाही, म्हणून करार तसाच लिहायचा. आणि जीएसटी कायद्याच्या कलम 85 प्रमाणे जुन्या मालकाचा त्या तारखेपर्यंतचा थकलेला कर नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकतो, म्हणून सगळी रिटर्नं भरलेली बघूनच पैसे द्यायचे. अन्न नोंदणीही नवी. मी भरली तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, नवा, वजनकाट्याचं स्टॅम्पिंग नवं. काकांच्या नावपत्त्याची छापलेली पाकिटं मात्र रद्दीत गेली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला वीजजोडणीने. मीटर काकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर! वारस तिघं, त्यातली एक बहीण ग्वाल्हेरला. तिची संमती स्टॅम्प पेपरवर येईपर्यंत पितृपक्ष उलटून गेला. घरमालकाशी नवा भाडेकरार मी त्याआधीच करून घेतला होता. ती जागा हातची गेली असती तर बाकी कागदांना काही अर्थ नव्हता.

दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला काकांनी घंटीला कुंकू लावलं, बटण मला दाबायला सांगितलं आणि डोळे पुसत गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसले. पहिला डबा आमच्याच गल्लीतल्या काकूंचा होता. त्यांनी काकांकडे बघितलं, भाईंकडे बघितलं, मग मला विचारलं, "गव्हावरच टाकलंस ना गं?"

"हो काकू. सकाळचा पहिला घाणा आमच्या घरच्या गव्हाचा घेतला, त्यावरच तुमचा."