'भटक्या' ही शिवी आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तहसील कचेरीसमोर बसून मी जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून देते, हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. परवा विचारणारा पोरगा ट्रेकिंगवाला होता. ग्रुपच्या नावात 'भटके' आहे म्हणून कुणीतरी त्याला झापलं होतं.

कोण कोणाला म्हणतंय, त्यावर आहे. "किती भटकशील उन्हातान्हाचा, जेवायला ये," असं आई म्हणते तेव्हा त्यात मायाच असते. रविवारी हरिश्चंद्रगड करून आलेला स्वतःला भटक्या म्हणवतो, तेव्हा तो मिरवत असतो. सोमवारी त्याला घर असतं, हापिस असतं. बाई मात्र जरा घराबाहेर रमली की भटकभवानी. आजी मला हेच म्हणायची. भटकभैरव काही मी अजून ऐकला नाही! आणि नगरपालिकेच्या नोटिशीत हा शब्द कुत्र्यांना लागतो.

माझ्या टेबलावर तो सरकारी होतो. नंदीवाले, वैदू, गोंधळी, मसणजोगी आले की 'भटक्या जमाती (ब)' लिहायचं. वडार, कैकाडी आले की 'विमुक्त जाती (अ)'. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, ते १९५२ साली तो कायदा गेल्यावर 'विमुक्त' झाले. पोलीस गावात आले की आधी पालांकडे वळतात, ते काही सुटलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. म्हणजे आधी लिहून द्यायचं की हे लोक भटके, आणि मग विचारायचं की तुमचे आजोबा तेव्हा राहत कुठे होते. शाळेचा दाखला म्हणावा, तर शाळेत गेलं कोण?

गेल्या महिन्यात एक म्हातारे नंदीवाले नातवाला घेऊन आले. बैल बाहेर लिंबाला बांधलेला, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत येत होता. मी म्हटलं, "बाबा, भटक्या जमातीत लिहिते." ते म्हणाले, "आमी नंदीवाले. भटके तुमी म्हनता."

पुढचा रकाना होता कायमचा पत्ता.

"कायमचा म्हंजी?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत नातवानेच सांगितलं, "वड्याकाठी पाल हाय, ते लिवा. पर सोमवारी हलनार हाय."